मऊ बोटं

सुट्टीच्या दुपारी धाकटा गिटारच्या तारा आणायला गेला होता. दुकानाच्या दारातच ढोल्या भेटला. थोरल्या भावाच्या ग्रुपमध्ये ड्रम वाजवायचा तो, आणि धाकट्याला गिटार शिकवायचं काम सध्या त्याच्याच गळ्यात पडलं होतं.

"परत तुटली? अरे, तार आहे ती, कपडे वाळत घालायची दोरी नव्हे!" ढोल्या हसला. मग त्याने सहज धाकट्याचा डावा हात धरून बोटांची टोकं चाचपली, आणि त्याचं हसू मावळलं. "सराव करतोस ना खरंच?"

"रोज. बोटं सोलून निघेपर्यंत."

"मग घट्टे कुठायत? एव्हाना टोकं टणक व्हायला हवीत. तुझी तर तान्ह्या बाळासारखी..."

धाकट्याने हात खिशात घातला. परवा लाँड्रीत कामावर असताना तोच हात गरम इस्त्रीला चिकटला होता. मालक ओरडले, "अरे, शर्ट जळतोय की तू?" तेव्हा कुठे त्याचं लक्ष गेलं. दुखलं काहीच नव्हतं. फक्त वास आला होता.

गाडीवरून पडल्यापासून थोरला अंथरुणाला खिळला होता. डोळे मिटलेले, श्वास तेवढा चालू. एकदा ढोल्याने ग्रुपचं ते दणदणीत रॉकचं गाणं मोबाइलवर लावलं, तेव्हा थोरल्याची तर्जनी हलली. डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडतात, त्यात विशेष काही नाही. नंतर कितीही वेळा गाणं लावलं तरी बोट हललं नाही. पण धाकट्याच्या मनाने घेतलं, की समोर बसून खरोखर वाजवलं तर दादा उठेल. गाण्याच्या शेवटाजवळचा जीवघेण्या वेगाचा तुकडा थोरल्यालाही कधी जमला नव्हता. आणि धाकट्याने तर आजवर हाती घेतलेलं काहीच धड पुरं केलं नव्हतं, शाळासुद्धा.

वेळही उरला नव्हता. उद्या सकाळी मामा गाडी घेऊन येणार होते, थोरल्याला दूरच्या शुश्रूषागृहात न्यायला. तिथून कुणी घरी परतल्याचं आईच्या ऐकिवात नव्हतं.

खोलीत स्पिरिटचा आणि न धुतलेल्या केसांचा वास कोंडला होता. धाकट्याने तारा चढवल्या, स्टूल पलंगाला भिडवलं, गिटारला ॲम्पचा स्पीकर जोडला. त्याची बारीक घरघर सुरू झाली. चादर नीट करताना थोरल्याचा डावा हात धाकट्याच्या मनगटावर घसरला, आणि तो दचकला.

इतके महिने निपचित पडलेला हात. त्याचे घट्टे केव्हाच गळून गेले होते. तेल चोळताना आईनेच दाखवलं होतं. आता मात्र टोकं खरखरीत, कडक होती. आणि त्यांवर तारांचे ताजे, लाल चरे.

धाकट्याने स्वतःच्या मऊ टोकांवरून अंगठा फिरवला. काय चाललंय ते त्याला कळलं. तरी त्याने गिटार खाली ठेवली नाही.

"घे," तो पुटपुटला. "घे, दादा... सगळं घे. पण ऊठ..."

त्याने वाजवायला सुरुवात केली. डाव्या हाताला तारा जाणवतच नव्हत्या, आणि बोटं मात्र धावत होती, कधी नव्हे इतकी अचूक. तो वेगाचा तुकडा आला. त्याने श्वास रोखला. एकही सूर न चुकता तुकडा पार पडला. चादरीवर थोरल्याची चार बोटं त्याच तालात नाचत होती.

आई धावत आली आणि दारातच खाली बसली.

"हलतोय... माझा पोरगा हलतोय! मामाला कळवते, गाडी आणू नको म्हणून. थांबू नकोस हं बाळा... अजिबात थांबू नकोस..."

"आई, माझा हात..."

पण ती रडत होती, हसत होती. तिला ऐकूच गेलं नाही. धाकट्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. तेवढ्यात थोरल्याच्या उजव्या हाताचा अंगठा हळूच तर्जनीवर टेकला, चिमटीत काहीतरी धरल्यासारखा.

फरशीवर टक् असा आवाज झाला. धाकट्याने खाली पाहिलं. तार छेडायची प्लास्टिकची चकती त्याच्या पायाशी पडली होती. ती हातातून सुटल्याचं त्याला कळलंही नव्हतं.

ॲम्पमधून गाणं मात्र चालूच होतं.