समोरच्या कड्यावरची ओ

लग्नानंतर पहिल्यांदा ज्या डोंगरगावी दोघं फिरायला गेली होती, तिथेच मास्तरांना पुन्हा न्यायचं आजींनी ठरवलं, तेव्हा सुनेने कपाळाला हात लावला.

"आई, बाबांना घरातली न्हाणी सापडत नाही, आणि तुम्ही त्यांना डोंगर दाखवायला निघालात?"

"डोंगर नाही गं. त्यांना मी दिसते का, ते बघायला चाललेय."

मास्तर म्हणजे शिंपीकाम करणारे मास्तर. जन्म सुईदोऱ्यात गेला, आणि आता बोटं साधी गाठ मारायची विसरली होती. बुटांच्या नाड्यासुद्धा तीच बांधायची. त्याचं तिला काही नव्हतं. पण 'अहो' म्हटलं की मास्तर ओ देईनासे झाले होते. तिला 'बाई' म्हणायचे, तेही अदबीने, मापं द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं. एकदा त्यांनी ओ द्यावी, रोजच्या दिव्यापाशी तिचं एवढंच मागणं असे.

गाव ओळखीचंच निघालं. तळ्यातल्या होड्यांना नवा रंग होता, पण त्यात बसलेली जोडपी तशीच, एकाने वल्हवायचं आणि दुसऱ्याने उगाच किंचाळायचं. जांभळींच्या वाटेवर तोच ओल्या सालीचा वास होता.

"या वळणावर तुम्ही माझी चप्पल शिवली होती," ती म्हणाली. "फिरायला येताना खिशात सुई घेऊन येणारा नवरा मी तरी दुसरा पाहिला नाही."

"हो का, बाई? छान," मास्तर म्हणाले.

वाटेच्या शेवटी हाकेचा कडा. दरीच्या पलीकडे, समोरासमोर, आणखी एक कडा. नव्या जोडप्यातल्या एकाने तिकडे जायचं, दुसऱ्याने इकडून नाव घेऊन हाक मारायची, आणि पहिल्याच हाकेला ओ आली तर जोडी जन्मभराची, असा तिथला खेळ. तेव्हा इतर मुली खुशाल नावं घेत होत्या. तिची जीभ काही वळेना. शेवटी डोळे मिटून ती ओरडली होती, "अहोऽ!" सगळा कडा खदखदून हसला. फोटोवाला तर म्हणाला, "वहिनी, असे दहा अहो आहेत तिकडे! येतील सगळे!"

पण ओ एकाचीच आली होती. धांदरट, आनंदी. "ओऽ! आलो, आलो!"

आता कठड्याशी चहाची टपरी होती. शेजारी एका पोराने मैत्रिणीच्या नावाने हाक मारली. दरीने ती जशीच्या तशी परत केली. तिने मास्तरांना बाकावर बसवलं, पदर सारखा केला, आणि ओरडली.

"अहोऽ!"

मास्तर आपल्या बुटांकडे बघत राहिले.

दरी क्षणभर गप्प होती. मग पलीकडून आवाज आला.

"ओऽ! आलो, आलो!"

चहावालीच्या हातातली किटली कलंडली. "तिकडं कोण आहे?" ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली.

"समोरच्या कड्यावर असेल कुणी," आजी म्हणाल्या.

"समोर कडा कुठाय, आजी? कधीच ढासळला तो. मी लग्न होऊन आले तेव्हाही नव्हता." तिने पेले भराभर आवरायला घेतले. "इथं आपली हाक परत येते. ओ नाही येत."

आजींनी नीट पाहिलं. पलीकडे नुसतं धुकं होतं, आणि धुक्याच्या खाली काहीच नव्हतं.

घाबरायला हवं होतं. पण तो आवाज तरुणपणच्या मास्तरांचा होता, तिच्या हक्काचा. इतक्या दिवसांनी कुणीतरी तिला ओ दिली होती. तिने मन भरेपर्यंत हाका मारल्या. दर वेळी ओ आली.

दर वेळी जरा जवळून.

खोलीवर परतल्यावर तिने मास्तरांचे बूट काढून खाटेखाली ठेवले, त्यांना शाल पांघरली आणि तोंड धुवायला आत गेली. नळाचं पाणी गार होतं. चेहऱ्यावर ओंजळ मारताना तिला बाहेरून हाक ऐकू आली. दरीच्या बाजूने. लाजरी, डोळे मिटून मारलेली.

"अहोऽ!"

तिने नळ बंद केला. तो आवाज तिला अनोळखी वाटला नाही. तो तिचाच होता, तेव्हाचा.

"ओऽ! आलो, आलो!"

ही ओ खोलीतून आली होती.

ती तशीच ओल्या हातांनी बाहेर धावली. मास्तर दारापाशी ताठ उभे होते. शालीची व्यवस्थित घडी खाटेवर होती. तिने दाराला पाठ लावली.

"अहो, मी इथे आहे. अहो!"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. अदबीने, किंचित घाईत.

"बाई, जरा वाट देता का? आमची मंडळी केव्हाची हाका मारतेय. नवीन आहे, घाबरेल."

तिची नजर खाली गेली. मास्तरांच्या पायांत बूट होते. दोन्ही नाड्या बांधलेल्या, दुहेरी गाठ, आणि टोकं आत खोचलेली, अगदी शिंप्याच्या हातची.