टिकोजीचा फुगीर आरसा

टिकोजीने पुन्हा धडक खाल्ली! चंद्रावरच्या चिमुकल्या वसाहतीत अशी बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? टिकोजी म्हणजे मालगाडी चालवणारा यंत्रमानव. मागचे कॅमेरे चांद्रधुळीने सारखे आंधळे व्हायचे, म्हणून त्याच्या गाडीला पुसायला सोपे असे बहिर्वक्र (बाहेर फुगलेले) आरसे लावले होते. तरी हा पठ्ठ्या मागून येणाऱ्या गाडीसमोर खुशाल वळायचा आणि दणका खायचा. उद्याच्या चाचणीत नापास झाला, की थेट मोडीत.

दहा वर्षांच्या शर्वाणीने गाडीचे आरसे पुन्हा पुन्हा तपासले. टिकोजी तिचा जिवलग मित्र. आरसा स्वच्छ, डोळे शाबूत, मग घोडं पेंड खातंय कुठे?

तिची इंदूआत्या प्रकाशशास्त्रज्ञ होती. पण सरळ उत्तर देईल तर ती आत्या कसली! तिने आमटीचा डाव धुऊन शर्वाणीच्या हातात दिला आणि त्याच्या पाठीत बघायला सांगितलं. फुगीर पाठीत अख्खं स्वयंपाकघर मावलं होतं, पण सगळं चिमुकलं. खेटून उभी असलेली आत्यासुद्धा बोटाएवढी. फुगीर आरसा चहूबाजूंनी येणारा प्रकाश आपल्या डोळ्याकडे परतवतो, आत्याने समजावलं, म्हणून परिसर जास्त दिसतो. पण एवढं सगळं मावायचं, तर प्रतिमा (आरशात दिसणारं चित्र) लहानच होणार.

"पण तू तर इथेच आहेस," शर्वाणी हळूच म्हणाली. "लहान दिसतेस, लांब नाहीस."

आणि तिची ट्यूब पेटली. टिकोजी शिकला होता सपाट आरशावर. लहान दिसतं ते लांब, एवढंच त्या बिचाऱ्याला ठाऊक. गाडी दिसते त्याहून जवळ असते, हे माणसांसाठी आरशावरच लिहितात. यंत्राला ते शिकवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दोघींनी आरशाचा फुगवटा मोजला आणि टिकोजीला नवा हिशेब शिकवला. दुसऱ्या दिवशी चाचणीच्या बोगद्यात मागून गाडी आली. आरशात ती काडेपेटीएवढीच. टिकोजी थांबला, गाडी पुढे जाऊ दिली आणि मग ऐटीत वळला. शाब्बास रे माझ्या वाघा, म्हणत शर्वाणीने उडीच मारली, आणि चंद्रावरची उडी ती, छताला हात लागला.

कडक स्वभावाच्या तपासनीस बाई टिकोजीपाशी आल्या. "मोडीत कसला काढता याला," त्या म्हणाल्या. "नव्या दुर्बिणीचा आरसा हाच नेईल."

तो आरसा अंतर्वक्र (आत खोलगट) होता, दूरच्या ताऱ्यांचा अंधुक प्रकाश एका बिंदूपाशी गोळा करणारा. तो गाडीवर चढवला, तेव्हा त्यात पहिली प्रतिमा उमटली ती ताऱ्याची नव्हे. लांब उभ्या असलेल्या शर्वाणी आणि टिकोजीची, आणि खोलगट आरसा लांबचं उलटं दाखवतो, म्हणून दोघंही खाली डोकं वर पाय, हातात हात घालून.