सात बटणांचं कव्हर

"जरा आत येऊ का? आम्ही दोघं आहोत."

मी मान वर केली. बाहेर पावसाची झोड, आणि दारात एक माणूस उभा. डोक्यापासून बुटांपर्यंत चिंब. आणि त्याच्या काखेत — आई गं! — रेनकोट घातलेला दुसरा माणूस. नुसता कमरेपर्यंतचा. हात नाहीत, पाय नाहीत, तोंड आ वासलेलं.

मी हातातली कात्री उगारली. "एक पाऊल पुढे टाकून तर बघा!"

"अहो, रबराचा आहे! याच्या बॅगेची चेन तुटलीय. चार वाजता माझा वर्ग आहे आणि याला असं उघडं नेलं तर लोक पोलीस बोलावतात."

"रेनकोट त्याला, आणि तुम्ही भिजलात?"

"मी शिंकून शिंकून दोन दिवसांत बरा होतो हो. याच्या छातीत यंत्र आहे, पाणी गेलं तर कामातून जाईल." आणि त्याने लगेच एक शिंक दिलीसुद्धा.

मागे बाबांच्या शिलाई मशीनचा आवाज थांबला. बाबा हसत होते. आमच्या दुकानात आम्ही दोघंच — बाबा आणि मी. आई मी शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून बाबांनी मला वाढवलं, शिवायला शिकवलं आणि माझी जीभही तेवढीच धारदार ठेवली. माझं लग्नाचं वय झालं, सरत आलं, पण बाबा त्यावर चकार शब्द काढायचे नाहीत. फक्त एकटा पुरुष दुकानात आला की त्याला जरा जास्तच निरखून बघायचे. आत्ताही तेच चाललं होतं.

चेन बसवता बसवता कळलं की तो एका संस्थेत शिकवतो. चालता-बोलता एखाद्याचं हृदय बंद पडलं तर शेजारच्या माणसाने काय करायचं, ते. रबराच्या माणसाचं नाव गप्पूराव. आणि याला सगळे मास्तर म्हणत.

"आम्ही शिंपी," मी म्हणाले. "आम्हाला काय करायचंय ते शिकून?"

"तुमच्या दुकानात येणाऱ्यांना हृदय नसतं का?"

असं म्हणून त्याने जे बघितलं ना... मी दाताने धागा तोडला आणि मान खाली घातली.

पुढच्या आठवड्यात आमच्या सहा दुकानांच्या लाइनीतच त्याने वर्ग घेतला. समोरच्या मोकळ्या जागेत गप्पूराव आडवे, भोवती आम्ही दुकानदार. माझी पाळी आली. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ.

"टेलरबाई, दाबताय की कुरवाळताय?"

"बरगडी मोडली म्हणजे?"

"मोडली तर जोडता येते. पाच सेंटिमीटर खाली जायला हवं... टेप तुमच्या गळ्यातच आहे, मोजून बघा हवं तर."

सगळे हसले. मला असा राग आला की मी जोरात दाबलं, आणि गप्पूरावांच्या छातीतून 'टक्' असा समाधानाचा आवाज आला.

"शाब्बास! आता वेग. मिनिटाला शंभर ते एकशेवीस. चुकतोय... हळू होतोय..."

तेवढ्यात दुकानातून बाबांच्या मशीनचा आवाज यायला लागला. वर्गाला ते आले नव्हते — 'मरणाच्या गोष्टी शिकायला मला वेळ नाही' म्हणून पडद्यांच्या लांब शिवणी घालत बसले होते. खटक् खटक् खटक्... पायाचा एकसारखा ठेका. लहानपणापासून मी त्या ठेक्यावर झोपले, त्याच ठेक्यावर पाढे पाठ केले. हात आपोआप त्या तालावर पडायला लागले.

मास्तरांनी घड्याळ बघितलं. "एकशे दहा! हे कसं जमवलंत?"

"आमचं गुपित आहे," मी धापा टाकत म्हणाले. माझ्या डोळ्यांवर बट आली होती आणि हात गुंतलेले; त्यांनी मान झटकून ती मागे सारायची खूण केली... मी उगाचच लाजले.

मग पेटीचा विषय निघाला. हृदयाला शॉक देणारं यंत्र असतं ना, एईडी म्हणतात, तेच. दिवसभर उघड्या असणाऱ्या जागी, छपराखाली, रस्त्यावरून दिसेल अशी भिंत मास्तरांच्या संस्थेला हवी होती. सगळ्यांत योग्य भिंत निघाली आमचीच.

बाबा भडकले. "दारात मरणाची पेटी? गिऱ्हाईक काय म्हणेल!"

"काका, मरणाची नाही, उलट—"

"आणि तो भडक रंग! माझ्या दुकानाच्या दारात तसलं ध्यान नको."

तीन दिवस मी बाबांच्या मागे लागले. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. पण तिला जरा माणसात आण." म्हणजे काय, ते शिंप्याच्या मुलीला सांगावं लागत नाही. पेटी लागली आणि त्याच आठवड्यात मी तिला कव्हर शिवलं. जांभळ्या फुलांचं कापड, आतून अस्तर, दुहेरी शिवण, पुढे सात बटणं. इतकं सुबक झालं की बाबांनी दोनदा चष्मा पुसून बघितलं. आमच्या घरात याहून मोठी शाबासकी नसते.

मास्तर आले तेव्हा मी दारातच उभी होते. "कसं झालंय?"

ते कव्हरकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं... मिटलं.

"छान," ते म्हणाले. "छान झालंय."

त्या एका 'छान'वर मी चार दिवस तरंगत होते, खोटं कशाला सांगू? पेटीचा हिरवा दिवा महिन्यातून एकदा तपासायचा असतो. मास्तर आठवड्यातून दोनदा यायला लागले. सातही बटणं काढायचे, दिवा बघायचे, बटणं लावायचे, आणि मग चहा.

"दिवा बरा आहे ना?" बाबा आतून विचारायचे. "की त्याला कोणाची दृष्ट लागतेय?"

एका दुपारी त्यांच्या बाहीचं बटण लोंबत होतं. मी अंगावरच टाका घातला. त्यांनी श्वास रोखून धरला होता.

"श्वास घ्या," मी म्हणाले. "नाहीतर मला छाती दाबावी लागेल."

"तुम्ही दाबणार असाल तर..."

सुई टोचली. मुद्दाम नाही. बरं, थोडी मुद्दाम.

आणि मग तो मंगळवार आला.

बँकेतल्या एक बाई पहिल्यांदाच आल्या होत्या, कोटाच्या ट्रायलला. एक बाही लागलेली, एक नाही, अंगभर टाचण्या. बाबा त्यांच्या पाठीवर खडूने खूण करत होते. "पोरी, जरा..." एवढंच म्हणाले. खडूची रेघ कोटावरून तिरकी खाली गेली आणि बाबा कोसळले.

मी खांदे हलवले. हाका मारल्या. घशातून दोन घरघरते आचके आले, पण मास्तरांनी बजावलं होतं — तो श्वास नव्हे, फसू नका.

"बाई, ॲम्ब्युलन्सला फोन लावा, स्पीकरवर ठेवा! आणि बाहेर उजव्या भिंतीवर शॉकची पेटी आहे, ती आणा!"

छातीच्या मधोमध टाच. कोपर ताठ. बाबांचं मशीन गप्प होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो ठेका मला माझ्या डोक्यात वाजवावा लागला. खटक् खटक् खटक्...

बाई परत आल्या. "तिथे पेटीबिटी काही नाही हो! फुलाफुलांचं काहीतरी टांगलंय नुसतं!"

मी हात न थांबवता ओरडले.

"त्याच्याच आत आहे! बटणं काढा!"

बटणांची माझी काजं घट्ट असतात म्हणून माझं नाव आहे. ऐकू येत होतं मला — त्यांची नखं, त्यांचं 'अगं बाई, निघत नाही'... एक. दोन. मी दाबत होते. बाबांचे ओठ निळे पडत चालले होते.

"फाडा! फाडून टाका!"

"फाटत नाहीये हो!"

फाटणार कसं? दुहेरी शिवण माझीच होती. शेवटी बाईंनी अख्खं कव्हर वरून ओरबाडून काढलं आणि पेटी घेऊन धावत आल्या. यंत्र बोलायला लागलं : छाती उघडी करा. मी बाबांचीच मोठी कात्री उचलली आणि त्यांनी स्वतःसाठी शिवलेला पांढरा शर्ट उभा कापला. यंत्राची एक चिकट पट्टी उजव्या खांद्याखाली, दुसरी डाव्या कुशीला. कोणीही हात लावू नका, यंत्र म्हणालं. बाबांचं अंग उडालं. पुन्हा दाबायला लागा... मी पुन्हा दाबायला लागले, रडत, मोजत.

मग बाबांनी माझा हात बाजूला ढकलला. इतक्या दुबळेपणाने, पण ढकलला. ॲम्ब्युलन्स दारात येईपर्यंत मी त्या हाताला सोडलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, वाचले. मास्तर धावत आले होते, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. रात्रभर बाकावर माझ्याशेजारी बसून होते. यंत्र कधी सुरू झालं याची नोंद त्यात राहते; सकाळी ते ती ॲम्ब्युलन्सच्या फोनच्या वेळेशी ताडून बघायला गेले आणि दुपारी परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक होता.

"एक सांगायचंय. त्या कव्हरमुळे जवळजवळ दीड मिनिट गेलं."

"माहीतेय," मी म्हणाले. माझ्या डोक्यात रात्रभर तेच चाललं होतं.

"नाही, ऐका. पेटी झाकायची नसते. लांबून दिसलीच पाहिजे, पहिला नियम आहे. मला... त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही दारात उभ्या होतात. इतक्या आनंदात होतात... माझ्याने सांगवलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत सहा आठवडे गेले."

"म्हणजे तुम्ही दर वेळी ती बटणं काढत होतात... आणि गप्प राहिलात?"

"हो."

"माझ्या बाबांचा जीव, आणि तुम्हाला माझ्या चेहऱ्याची पडली होती?"

"हो," ते खाली मान घालून म्हणाले. "माझं चुकलं."

"चालते व्हा. पुन्हा तोंड दाखवू नका."

ते गेले. मी बाकावर बसले आणि हमसून हमसून रडले. राग त्यांचा होता, माझा होता, त्या मेल्या सात बटणांचाही होता.

बाबा बारा दिवसांनी घरी आले. पहिली तक्रार शर्टाची. "उभा कापलास? शिवणीवरून उसवायचा ना! काही शिकवलंय की नाही मी?"

मी हसले आणि रडलेही. मग सगळं सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कव्हर हवं होतं मला," ते म्हणाले. "शिवलंस तू. गप्प बसला तो. तिघांची चूक, मग सगळी त्याच्याच पदरात का?"

"त्यांना माहीत होतं, बाबा."

"होतं. आणि ते आपल्याला कोणी सांगितलं? त्याने तोंड मिटून ठेवलं असतं तर आपल्याला सात जन्मांत कळलं नसतं. एकदा चुकला, पण कबूल करायला स्वतःच्या पायांनी आला ना? बघ बाई. मी मरून आलेला माणूस आहे, माझं ऐकत जा."

त्या आठवड्यात मी कव्हर उसवलं. आणि एक शर्ट शिवायला घेतला. माप घेतलं नव्हतं... पण शिंप्याच्या डोळ्याला माप लागतं का? महिना भरला तेव्हा संस्थेला फोन करून सांगितलं, आमच्या पेटीचा दिवा तपासायची वेळ झालीय.

मास्तर आले. माझ्याकडे न बघता पेटी उघडली. भिंतीवर ती आता उघडीच होती, रस्त्याच्या त्या टोकावरून दिसेल अशी भडक. आत बाबांच्या मशीनचा ठेका चालू होता, पूर्वीपेक्षा जरा संथ.

"दिवा हिरवा आहे," ते म्हणाले. "येतो मी."

"थांबा. हा घालून बघा."

त्यांनी शर्ट बघितला. पावसात भिजून आले त्या दिवशीसारखे गोंधळले. सदऱ्यावरच तो चढवला, आणि मी त्याच जागी, दारात उभी राहिले.

"कसा झालाय?"

मी श्वास रोखला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, मग पुन्हा माझ्याकडे...

"रागावणार नसाल तर... नाही, रागावलात तरी सांगतो. डावी बाही लांब झालीय. चांगली दोन बोटं."

"माहीतेय," मी म्हणाले. "मुद्दाम ठेवलीय."

मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. मी टाचण्या घेतल्या आणि बाही दुमडायला लागले. मनगटावर बोट लागलं. नाडी काय धावत होती!

"एकशेवीसच्या वर आहे," मी पुटपुटले.

"खरं बोलायचं ठरलंय म्हणून सांगतो..." ते म्हणाले. "तुम्ही... तू जवळ आलीस की असंच होतं. पहिल्या दिवशी कात्री उगारलीस ना, तेव्हापासून. मला तू आवडतेस. फार आवडतेस."

"एवढं सांगायला इतके दिवस?" मी टाचणी लावत म्हणाले. "मला तर त्या शिंकेलाच कळलं होतं. आणि... मलाही आवडतोस. आता हलू नकोस, टोचेल."

तो हलला नाही. मीही नाही. सगळं कसं शांत होतं... फारच शांत. मशीन! मशीनचा आवाज थांबला होता.

"बाबा?" मी किंचाळले. "बाबा!"

"जिवंत आहे गं!" आतून बाबा ओरडले. "तुम्ही दोघं काय बोलताय ते ऐकू येईना, म्हणून थांबवलं!"