काचेचा हुंकार

मी थापाडी आहे.

अख्ख्या माधवगंज मोहल्ल्याला ठाऊक आहे. आमच्या कान्होजीमामांनी किल्ल्यावर शिंक दिली नि तिकडे मुरारच्या छावणीत शिपायांच्या टोप्या उडाल्या, ही माझीच थाप.

पण आज सांगतेय त्यात मीठमिरची नाही. नातीची शपथ घेतली असती... पण तीच राहिली नाही.

दोन वर्षं झाली. मे महिना. दुसऱ्या मजल्यावरचं आमचं घर. दुपारचे तीन.

हो, दुपारचे. भुताला रात्रच लागते असं कोणी सांगितलं?

यशश्री माझ्या मुलाची मुलगी. कॉलेजच्या लॅबमध्ये संशोधन करायची. काचेची पट्टी औषधात बुडवायची, अगदी हळू वर ओढायची, वाळवायची, भट्टीत भाजायची. की परत बुडवायची.

"आजी, सायीपेक्षा हजारपट पातळ थर आहे! एक थर उजेड ओळखतो, दुसरा वीज साठवतो. आणि तरी काच आरपार दिसते."

"थर दिसतच नाही, मग लोकांना दाखवणार काय? माझ्या थापांसारखंच झालं की गं."

"तुझ्याकडूनच शिकले!"

भट्टी लावली की तिला तीन-चार तास काम नसे. मग फोन यायचा.

"आजी, मी खाली आहे. सांग काहीतरी."

आम्ही ग्वाल्हेरची माणसं. आमच्या मराठीत हिंदी अशी मुरलीय, की 'खाली' म्हणजे रिकामी पण, आणि 'खाली' म्हणजे जिन्याखाली पण.

मी गोष्ट सांगायची, ती 'हूं' करायची. हुंकाराशिवाय माझी गोष्ट पुढे सरकतच नाही.

त्या दुपारी फोन आला.

"आजी... मी खाली आहे."

आवाज बारीक होता. वाटलं, दमली असेल.

मी सुरू झाले. कान्होजीमामा, किल्ला, शिंक...

"हूं..."

थोड्या वेळाने, "हूं..."

मग काहीच नाही.

"झोपलीस का गं ढोंगी?" म्हटलं, आणि तरी सांगत राहिले. वीस मिनिटं. आपल्याच थापेला आपणच हसत होते.

फोन चालूच होता.

तेवढ्यात जिन्यातून शेजारच्या मधूची किंकाळी आली.

यशू पहिल्या पायरीशी पडली होती. टेम्पोतून, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या रिक्षातून, उतरून दारापर्यंत आली होती बिचारी. लू लागली होती, उन्हाची झळ. फोन कानाशीच.

अठ्ठावीस पायऱ्या. आणि मी उतरले नाही.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणली असती तर...

घरात मला कोणी एक शब्द बोललं नाही. तेच जास्त लागलं. मी गोष्टी सांगणं सोडून दिलं.

महिन्याने सोनिका आली. यशूबरोबर लॅबमध्ये असायची. यशूची शेवटची काच घेऊन आली, सोबत छोटं मीटर. काच खिडकीत ठेवली, तारा जोडल्या.

"बघा आजी, ऊन पडलं की आकडा चढतो. सावली आली की उतरतो."

आकडा एक्केचाळीसवर थांबला.

"बोला ना काही. यशू म्हणायची, आजी नंबर वन गप्पिष्ट."

मी कसंबसं तोंड उघडलं. "आमचे कान्होजीमामा किल्ल्यावर गेले." सवयीने थांबले.

आकडा उतरला... परत चढला.

बाहेर ढग नव्हता. पडदा बांधलेला. साधं कबूतरसुद्धा नाही.

"वर हवा फार. मामांचं नाक हुळहुळलं." थांबले.

उतरला... चढला.

"आजी, मैंने कुछ नहीं किया. तार ढिली असेल..." सोनिकाने तारा दाबल्या.

मी लबाडी केली. वाक्य मुद्दाम अर्धवट सोडलं.

आकडा हललाच नाही.

यशू अर्ध्या वाक्याला कधीच 'हूं' करत नसे.

महिनाभर गळ्यात अडकलेलं बाहेर आलं.

"यशू... मी उतरले असते, तर तू वाचली असतीस का गं?"

आकडा उतरायला लागला.

तीस... अठरा... सहा...

शून्य.

आम्ही दोघी वाट बघत राहिलो. तो वर आलाच नाही.

सोनिकाने काच लॅबमध्ये नेऊन तपासली. थर शाबूत. तिथे आकडा छान चढतो. परत आणून आमच्या खिडकीत ठेवली... शून्य.

"शून्य म्हणजे काय गं?" मी विचारलं.

तिने काचेपुढची मोकळी जागा हाताने चाचपली. मग म्हणाली, "काचेसमोर कोणी उभं असल्यासारखं, आजी."

काच अजून तिथेच आहे. तिच्यावर पडलेलं ऊन मला डोळ्यांनी दिसतं. काचेला मात्र सावलीच दिसते.

म्हणजे यशू तिथे आहे.

तिचं तोंड माझ्याकडे आहे, की माझ्याकडे पाठ करून उभी आहे... ते कळत नाही.