तापाचं औषध कुणासाठी?

"पोरीचा ताप उतरला का?"

एवढंच विचारून नवरा राजवीर गर्दीत मिसळला होता. हे सांगताना पूर्णिमाने मांडीवरच्या मुलीला घट्ट धरलं.

खासबागेजवळच्या लहानशा ऑफिसात खासगी तपासनीस भूमिका हुक्केरी ऐकत होती. शेजारी तिचे सहकारी, निवृत्त हवालदार बाळासो.

मारहाणीला कंटाळून पूर्णिमा गडहिंग्लजचं सासर सोडून कोल्हापुरात आली होती. नवऱ्याने जवळ फिरकू नये, असा कोर्टाचा हुकूम होता. तिने मोबाइल बदलला, नंबर बदलला. तरी राजवीर तिला गाठत होता, तेही दर वेळी 'घरभरणी' या किराणा सुपरबाजाराच्या दारात. घाबरून तिने त्याच बाजाराची दुसरी शाखा धरली. पहिल्या खेपेला कुणी नसायचं, दुसऱ्या खेपेला तो हजर.

"घरी किंवा कामावर आलाय कधी?" भूमिकाने विचारलं.

"न्हाय. पण येईल की. पोरीला उचलून नेतो म्हणालाय."

खोलीचा पत्ता तिघांनाच ठाऊक होता: घरमालकीण तानाबाई, भाऊ सम्राट आणि शिवणवर्ग चालवणारी मोना, जिच्याकडे पूर्णिमा काम करायची.

"या तिघांतलाच कुणीतरी फितूर," बाळासो म्हणाले.

तानाबाई फटकळ होत्या. नातू तापाने फणफणला तेव्हा पूर्णिमानेच बाजारातून औषध आणलं, अशा बाईचा घात आपण कशाला करू, असं त्यांनी सुनावलं. पूर्णिमाची पोर तेव्हा अंगणात उड्या मारत होती, हेही सांगितलं. मोनानेही तेच सांगितलं: पोर रोज आईबरोबर वर्गात येते, एक दिवस चुकलेली नाही.

रोज भाचीला खेळवायला येणारा सम्राट मात्र नजर चुकवत होता. शेवटी त्याने कबूल केलं, की राजवीरचे फोन येतात आणि दोघांनी पुन्हा नांदावं असं त्यालाही वाटतं. पत्ता मात्र दिला नाही, असं तो शपथेवर म्हणाला.

"हाच," बाहेर पडताच बाळासो पुटपुटले.

भूमिकाने पूर्णिमाला एकच गोष्ट विचारली: बाजारात बिलासाठी नवा नंबर दिला, तेव्हा पॉइंटचं खातंही नवं काढलं का?

"न्हाय. जुन्याच खात्यावर चढवला. पॉइंट वाया जातील म्हणाली काउंटरवरची."

भूमिकाच्या सांगण्यावरून पूर्णिमाने दुसऱ्या दिवशी बाजारातून साबण घेतला आणि घरपोच पाठवायला सांगितलं. पत्ता दिला बाळासोंच्या कसबा बावड्यातल्या रिकाम्या खोलीचा. तिघांपैकी कुणालाही हे कळू दिलं नाही.

खोलीत साध्या कपड्यातले दोन पोलीस बसले. सामान देऊन पोऱ्या गेला. बाहेर पावलं वाजली, थांबली. मग दारावर लाथ बसली.

राजवीरच्या शर्टाखाली कोयता निघाला.

पोलीस ठाण्यात बाळासोंनी विचारलं, "ताई, सम्राट नाही हे कसं ओळखलं?"

"तिघांनाही घर ठाऊक होतं," भूमिका म्हणाली. "त्यांच्यातल्या कुणी सांगितलं असतं तर राजवीर घरीच आला असता. तो यायचा फक्त दुकानापाशी, तेही तिथं एकदा बिल झाल्यावर. आणि ताप मुलीला नव्हताच. तिघांनीही तिला रोज धडधाकट पाहिलं होतं. औषध घेतलं हे राजवीरला कळलं, पण कुणासाठी ते कळलं नाही. असं अर्धवट फक्त बिलच सांगतं. लग्नानंतर या खात्याचं ॲप त्याच्याच मोबाइलवर सुरू केलेलं. खात्याचा नंबर बदलला, पण त्याच्याकडचं ॲप बंद झालं नाही. शाखा, वेळ, सामान, सगळं त्याला दिसत होतं. घरपोच म्हटल्यावर पत्ताही दिसला."

सम्राट मान खाली घालून उभा होता. पूर्णिमा त्याच्याकडे न बघता टेबलावर ठेवलेल्या राजवीरच्या मोबाइलकडे बघत राहिली. पोरीचं दूध, स्वतःची डोकेदुखीची गोळी, महिन्याचे पॅड, सारं तारखेनिशी तिथं होतं.

"ह्याला धरलासा," ती हळूच म्हणाली. "पण दुकानाकडं हे सगळं ऱ्हाणारच की?"

"राहील," भूमिका म्हणाली. "पुसून टाका म्हणून लेखी मागावं लागेल. लगेच ऐकतील असं नाही."

पूर्णिमाने झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेतलं.

"मग आजच मागूया," ती म्हणाली. "काय लिहायचं ते सांगा."