पहिल्या खिळ्यावरचा बिल्ला

पतसंस्थेच्या लेखनिकबाई पावणेनऊला धापा टाकतच वहिनींच्या कचेरीत शिरल्या.

"वहिनी, सभासदांची नोंदवही गेली! काल संध्याकाळी मी स्वतः कपाटात ठेवली होती. अकराला सभा, आणि वहीशिवाय मतदान होत नाही!"

वहिनी खासगी गुप्तहेर. मदतीला धाकटा दीर असे, तो हाक मारी म्हणून सगळी गल्लीच त्यांना वहिनी म्हणे. दीर म्हणजे भावजी मनानं सरळ, डोक्यानं जरा सावकाश.

"मतदान कशाचं?" भावजींनी विचारलं.

"संस्था मोठ्या बँकेत विलीन करायची की नाही, त्याचं. आज मतदान झालं नाही, तर निर्णय संचालक मंडळ घेणार. मग आपलं कार्यालय बंद! बेकरीवाल्या ताईंना त्याच बँकेनं दारातून परत पाठवलं होतं. भट्टीसाठी कर्ज आम्ही दिलं, कारण त्या पहाटे चारला उठतात हे आम्हाला ठाऊक होतं. आणि ठपका माझ्यावर बसणार. तीस वर्षं झाली मला इथे."

"किल्ल्या आणखी कोणाकडे?"

"बाहेरच्या दाराच्या नि कपाटाच्या? व्यवस्थापक आणि अध्यक्ष. बस्स."

वहिनींनी चपला पायात सरकवल्या. अशा वेळी त्यांना दम धरवत नसे.

बाईंनी कार्यालय उघडलं. दाराशीच एक फळी, तिच्यावर चाळीस खिळे आणि रांगेसाठी एक ते चाळीस नंबरचे पितळी बिल्ले. भावजींना पासबुक भरून घ्यायचंच होतं. त्यांनी ओळीतला पहिला बिल्ला काढला आणि तोंड वाकडं केलं.

"सगळ्यांच्या आधी आलो, तरी नंबर दोन! आमचं नशीबच असलं."

"काल चाळीसही मोजून टांगले होते हो," बाई म्हणाल्या. पण आता बिल्ल्याची चौकशी कोण करतो? त्या कपाटाकडे धावल्या.

वहिनी मात्र फळीपाशी जरा थांबल्या.

तेवढ्यात व्यवस्थापक आले. वहीबद्दलचा वहिनींचा प्रश्न ऐकताच ते भडकले.

"विलीन झालो तर माझा पगार वाढेल, हे मी लपवत नाही. पण वही मी नेली नाही."

"तुम्ही बिल्ला घेता का?"

"कर्मचारी कशाला घेतील? हा काय प्रश्न झाला?"

मागोमाग अध्यक्ष आले. त्यांचं फर्निचरचं दुकान होतं. बोलता बोलताच त्यांचा हात खिळ्याकडे गेला. तीन नंबरचा बिल्ला त्यांनी न बघता कोटाच्या खिशात टाकला. किण्ण!

"अध्यक्ष झालो तरी मी आधी सभासद," ते म्हणाले. "वीस वर्षांत बिल्ल्याशिवाय आत आलेलो नाही."

"सकाळी येऊन गेलात?"

"छे! घरून थेट येतोय." आणि ते सभेच्या खोलीत आपल्या गादीच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"एवढा मोठा माणूस, खिशात चिल्लर वाजवत फिरतो," भावजी पुटपुटले.

साडेदहा वाजले. बाहेर मेकॅनिक, शिंपी, परिचारिका, बेकरीवाल्या ताई, सगळे जमले होते. कपाटं, टेबलं, माळा, सगळं धुंडाळून झालं होतं. बाई रडायच्या बेतात होत्या.

"वहिनी," भावजी कुजबुजले, "अध्यक्ष आज उंच वाटतात. पाय लोंबकळतायत बघा."

वहिनींनी टाळीच वाजवली. "भावजी, तुम्ही चोर पकडलात!"

"मी? कुठे?"

वहिनी खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. बाई, व्यवस्थापक, अध्यक्ष, तिघेही समोर होते.

"काल चाळीस बिल्ले होते. आज भावजी पहिले, तरी त्यांना दोन नंबर मिळाला. म्हणजे मधल्या वेळात किल्ली लावून कोणीतरी आत आलं आणि एक नंबर घेऊन गेलं. कर्मचारी बिल्ला घेत नाहीत. चोरी करायला आला तरी सवयीनं बिल्ला घेणारा माणूस एकच. अध्यक्षमहाराज, मघाशी तीन नंबर खिशात पडला तेव्हा तो कशावर वाजला?"

अध्यक्षांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. व्यवस्थापकांनी त्यांच्या त्या खिशात हात घातला. एक आणि तीन!

"वही बाहेर नेणं शक्य नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "ते लाल बाड अख्खी गल्ली ओळखते. पण फर्निचरवाल्याला गादीची शिवण उसवायला कितीसा वेळ लागतो? उठा आता."

गादीतून वही निघाली. बाईंनी ती छातीशी धरली आणि मग मात्र त्या खरंच रडल्या.

"बँक मला केबिन देणार होती," अध्यक्ष खाली बघत म्हणाले. "मतदानात हरलो असतो."

अकराच्या ठोक्याला सभा सुरू झाली. अध्यक्षांनी राजीनामा लिहून दिला आणि ते दाराकडे निघाले. बाई वहीतून एकेक नाव पुकारत होत्या. अध्यक्षांचं नाव आलं तशी बाईंनी हाक मारली.

"थांबा. मत द्यायचंय तुम्हाला."

"मला? अजून?"

"अध्यक्ष नसलात तरी सभासद आहात ना?" बाईंनी मतपत्रिका पुढे केली. ती घेऊन ते मतपेटीकडे वळले.

विलीनीकरणाच्या बाजूला एकही मत पडलं नाही.