दादाचा एकोणिसावा शेक

सांगतो, पण मधे थांबवू नका. एकदा थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही.

कॅन्सरच्या पेशंटना किरण देणाऱ्या मशीनवर मी बावीस वर्षं काढली. लोक त्याला शेक म्हणतात. आमची खोली तळघरात होती. भिंती हातभर नाही, चांगल्या पुरुषभर जाड, आणि खिडकी एकही नाही. पेशंटला टेबलावर झोपवायचं, दिवे मंद करून लाल रेषा छातीवरच्या खुणांशी जुळवायच्या, मग बाहेर येऊन ते अवजड दार लावून घ्यायचं. आत माणूस एकटा. बाहेर माझ्यासमोर आतल्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा पडदा आणि आतला आवाज ऐकवणारा स्पीकर. शेकडो अनोळखी माणसं मी त्या टेबलावर झोपवली. माझा सख्खा थोरला भाऊ तिथे येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दादाच्या उजव्या फुप्फुसात गाठ होती. तीस शेक ठरले. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "वेळेत सापडलीय. बरे होतील."

पहिल्या दिवशी मी प्रत्येक पेशंटला जे बजावतो तेच दादालाही बजावलं. शेक चालू असताना ताकदीच्या, व्हिटॅमिनच्या जादा गोळ्या घ्यायच्या नाहीत. किरण पेशीच्या आत प्राणवायूला पिसाळवतात आणि पेशी आतून करपते. डॉक्टर याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. गाठ मरते ती बरीचशी त्या आगीनेच, आणि या गोळ्या नेमकी तीच आग विझवायला बघतात. आपल्या चांगल्या पेशींना वाचवता वाचवता गाठीलाही वाचवू शकतात.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरीही मी गाढवपणा केलाच.

बाराव्या शेकानंतर दादाची अन्ननलिका भाजून निघाली. पाण्याचा घोट घेतानाही डोळ्यांत पाणी यायचं. मला ते बघवेना. बटण दाबणारा हात माझाच होता ना! एके दिवशी त्याच ताकदीच्या गोळ्यांची बाटली नेऊन वहिनींच्या हातात दिली.

"दुधात कुटून घाला. दादाला कळू देऊ नका."

"पण भाऊजी, तुम्हीच तर नको म्हणाला होतात..."

"माझ्यावर सोडा."

दादा पक्का शिस्तीचा. कळलं असतं तर पेला तसाच मोरीत ओतला असता.

आठवडाभरात दादा पोटभर जेवू लागला. छातीवरची लाली उतरली. वहिनी कितीतरी दिवसांनी हसल्या, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

एकोणिसाव्या शेकाला दुपारचे अडीच वाजले होते. वर कडक ऊन होतं, तळघरात नेहमीचा गारठा. दादाला झोपवलं, रेषा जुळवल्या, बाहेर आलो. फुप्फुसाचा शेक देताना आम्ही श्वास रोखायला लावतो, म्हणजे गाठ हलत नाही. पडद्यावर श्वासाची लाट दिसत असते.

"श्वास घे... आता रोख."

लाट सपाट झाली. मी बटण दाबलं.

स्पीकरवर श्वास ऐकू येत होता. संथ, खोल. गाढ झोपलेल्या माणसाचा असतो तसा.

पडदा बघितला. लाट सपाटच होती. दादाची छाती कॅमेऱ्यात दगडासारखी स्थिर दिसत होती. श्वास मात्र चालूच. आत... बाहेर... आत... मशीन आपोआप थांबलं तेव्हा कुठे मी म्हणालो, "सोड."

दादाने श्वास सोडला. आता स्पीकरवर दोन श्वास होते.

दार उघडून आत धावलो. शेक दिल्यावर त्या खोलीत एक तिखट, नाकाला झोंबणारा वास राहतो; बावीस वर्षांत तो कधी चुकला नव्हता. त्या दिवशी तो नव्हता. उतू जायला आलेल्या दुधाचा वास होता.

दादा छताकडे बघत पडला होता.

"छोट्या," तो हळूच म्हणाला, "आता आत भाजत नाही रे. आत कुणीतरी निवांत झोपलंय."

"काहीतरीच काय बोलतोस..."

"मघाशी जागं झालं होतं. गोळ्या चुकवू नका म्हणालं." त्याने मान वळवली. "कसल्या गोळ्या रे?"

मी त्याला हात देऊन टेबलावरून उतरवलं. त्याच संध्याकाळी बाटली फेकून दिली. उरलेले अकरा शेक मी स्पीकर बंद ठेवून दिले. नियमात बसत नाही ते, माहीत आहे मला.

नंतरच्या स्कॅनमध्ये गाठ दुपटीने वाढलेली निघाली. मॅडमनी आधीची आणि आताची चित्रं शेजारी लावली.

"बाहेरचं काही घेत होते का? खरं सांगा, अजूनही औषध बदलून बघता येईल."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. दादा शेजारीच बसला होता, माझ्या खांद्यावर हात ठेवून. त्याच्यादेखत कबूल करायचा धीर मला झाला नाही.

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

मॅडमनी तसं लिहून घेतलं आणि गाठ उपचारांना दाद देत नाही असं धरून पुढचे उपचार थांबवले. बस्स, तिथेच संपलं सगळं. दादाला आधी गाठीने नाही, माझ्या त्या एका शब्दाने मारलं.

काही महिन्यांनी दादा वॉर्डातच वारला, भर दुपारी. डॉक्टरांनी तपासून वेळ लिहिली. वहिनी बाहेर फोन करत होत्या. मी एकटाच त्याच्याजवळ बसलो आणि जे आधी बोलायला हवं होतं ते सगळं त्याला सांगितलं, रडत रडत, माफी मागत. तासभर तरी झाला असेल. त्याचे हात, कपाळ, पाय, सगळं थंडगार पडलं होतं.

मी उजव्या छातीवर तळवा टेकवला. तिथे ऊब होती. ताप आलेल्या मुलाच्या अंगाला असते तशी.

भास असेल म्हणून हात उचलला आणि डावीकडे ठेवला. आधी गार लागलं. मग हळूहळू ऊब त्या बाजूला आली आणि माझ्या तळव्याखाली येऊन थांबली. दुसऱ्या हाताने उजवी बाजू चाचपली, तर ती तोवर गार पडली होती.